शॉकअप भार उचलत नाही

मंडळी, या सदरात मी आजवर पुस्तकांवर लिहिले, सणावारांवर लिहिले, आपल्या दोन भाषांच्या घरांतल्या गमतीजमतींवर लिहिले. गाडीच्या सुट्या भागांवर लिहायची वेळ येईल असे मात्र कधी वाटले नव्हते. मराठी शिकवणारा माणूस मी. स्कूटरचा प्लग पुसण्यापलीकडे माझी मजल नाही. पण गेल्या पावसाळ्यात शॉकअप नावाच्या वस्तूने मला तीन आठवडे वर्गात बसवले आणि विद्यार्थी म्हणून बसवले. तिथे जे शिकलो ते तुमच्यापैकी अनेकांच्या कामाचे आहे. आपल्याकडे घरटी नाही तरी गल्लीत दोन-चार पिकअप उभ्या असतातच.

आमची पिकअप धाकट्या भावाची आहे. त्याने दहावीनंतर शाळा सोडली. वडील अंथरुणाला खिळले होते, शेत बघायला कोणीतरी हवे होते आणि मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होतो. दोघांपैकी एकाने शिकायचे असे कोणी ठरवले नाही, ते आपसूक ठरले. मी एमए झालो, कॉलेजात लागलो, शहरात राहायला आलो. तो गावात राहिला. चार वर्षांपूर्वी त्याने कर्ज काढून पिकअप घेतली. घरची आणि शेजारपाजारची भाजी भरायची, रात्री दोनला निघायचे, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि केरी, साखळीवरून म्हापसा गाठायचे. आठवड्याला अशा चार फेऱ्या. गोव्याची चूल बेळगावच्या भाजीवर पेटते असे आपण कौतुकाने म्हणतो, पण ती भाजी घाटातून खाली कशी जाते याचा विचार मीही कधी केला नव्हता.

श्रावणाच्या तोंडाला त्याचा फोन आला. "अण्णा, शॉकअप परत गेलेत. चौदा महिन्यांत दोन जोड्या झाल्या, आता तिसरी घ्यायची. टोमॅटो खालून चेपतात, व्यापारी पैसे कापतो. तू शिकलेला आहेस, जरा बघून चांगली कंपनी सांग बघू."

शिकलेल्या माणसाला काही विचारले की तो आधी वही काढतो. मीही काढली. सुट्या भागांची तीन-चार दुकाने पालथी घातली. एकाने 'हेवी ड्युटी' शॉकअप दाखवले, दुसऱ्याने गॅसचे, तिसऱ्याने जुनेच दुरुस्त करून, तेल भरून, वरून काळाभोर रंग मारलेले. दर वेगळे, पेट्या वेगळ्या, पण सगळीकडे वाक्य एकच: "सर, हे घाला आणि दोन टन टाका, गाडी हलणार नाही." मी ते वाक्य वहीत लिहून घेतले. सगळ्यात महाग तेच सगळ्यात चांगले, असा निष्कर्ष काढून मी रविवारी गावी गेलो.

तिथे पुतण्याने माझी वही बंद केली. तो नऊ वर्षांचा आहे. भावजय बैलहोंगलची, तिची भाषा कन्नड, त्यामुळे पोरगा मला 'दोड्डप्पा' म्हणतो आणि आजीशी मराठीत भांडतो. शाळेला पावसाची सुट्टी मिळाली म्हणून तो आदल्या आठवड्यात बापाबरोबर फेरीला गेला होता. अंगणात गाडीभोवती फिरताना तो सहज बोलून गेला, "दोड्डप्पा, घाटात अप्पांनी ब्रेक दाबला होता, तरी गाडी टुणटुण उड्या मारत पुढंच जात होती. मग कठड्याला लागून थांबली. घरात सांगू नको म्हणालेत."

मी भावाकडे बघितले. तो चाकाकडे बघत होता. मागच्या कोपऱ्यावरचा पत्रा चेपलेला होता आणि त्यावर सिमेंटचा पांढरा ओरखडा होता. कंपनी कोणती, दर किती, हे सगळे त्या क्षणी माझ्या डोक्यातून निघून गेले.

माझा एक जुना विद्यार्थी उद्यमबागेत हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात कामाला आहे. पीयूसीला असताना माझ्या तासाला मागच्या बाकावर तो निवांत झोपायचा. बेळगावात हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह करणारे कितीतरी कारखाने आहेत, आणि तेलाला बारीक भोकातून कसे पळवायचे यात या गावाचा हात धरणारे थोडे. शॉकअप म्हणजे शेवटी तेच काम. मी त्याला फोन केला. सुट्टीच्या दिवशी तो गावी आला आणि त्याने पहिल्यांदा माझी वही मागितली. 'दोन टन टाका' हे वाक्य वाचून तो हसला. "सर, हे वाक्य खोडा. शॉकअप भार उचलतच नाही."

त्याने समजावले ते असे. गाडीचे आणि मालाचे वजन पेलतात ते पाटे. खड्ड्याचा दणका खातात तेही पाटेच. पण दाबलेला पाटा गप्प बसत नाही, तो उसळतो. पुन्हा दबतो, पुन्हा उसळतो. ही उसळी आवरणे एवढेच शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोके आणि झडपा असतात. चाक वरखाली झाले की दट्ट्या सरकतो, तेल त्या भोकांतून जबरदस्तीने जाते आणि उसळीची ताकद तेलात उष्णता होऊन संपते. "सर, सुई काढलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरा. हळू दाबलं तर सहज जातं, जोरात दाबलं तर अडतं. तुमच्या लायब्ररीच्या दाराला वर जो हात बसवलाय, दार धाडकन आपटू न देणारा, तोही याच घराण्यातला."

म्हणजे नाव जरी धक्का शोषणारा असे असले तरी खरा धंदा उसळी मारण्याचा. आणि ही उसळी आवरली गेली नाही तर काय होते, ते पुतण्याने सांगितलेच होते. चाक रस्त्यावर टेकलेले असेल तरच ब्रेक लागतो. उडणाऱ्या चाकाला ब्रेक लागून उपयोग काय? म्हणून शॉकअप ही पाठदुखीपुरती गोष्ट नाही, ती ब्रेकइतकीच जिवाची गोष्ट आहे.

मग तो गाडीखाली शिरला. मीही शिरलो. पँट गेली, पण बघायला मिळाले. शॉकअपच्या अंगावर तेलाचा पुसट ओलावा असणे चालते, असे त्याने दाखवले. आमच्या शॉकअपवरून मात्र तेलाचा ओघळ आला होता आणि त्यावर धुळीचा चिखल घट्ट बसला होता. असा शॉकअप संपला. वरखालच्या डोळ्यांतली रबरी बुशे फाटली होती. टायरवर हात फिरवला तर रबर सलग झिजलेले नव्हते, चढउतार लागत होते, उड्या मारत चाललेल्या चाकाची ती खूण. कारचा कोपरा दाबून सोडायची जी परीक्षा आपण करतो, ती पिकअपला मागच्या बाजूला फारशी लागू पडत नाही, कारण पाटे इतके ताठ असतात की माणसाच्या रेट्याने ते दबतच नाहीत. त्यापेक्षा खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला जपून हात लावावा. काम करणारा शॉकअप गरम लागतो. चारांपैकी एकच गार राहिला असेल तर त्याच्यावर संशय घ्यावा.

एवढ्यात त्याने पाटे मोजले आणि भावाला विचारले, "दादा, एक पाटा वाढवलाय का?"

वाढवला होता. दीड वर्षापूर्वी. जास्त माल बसावा म्हणून. आणि मेख तिथेच होती. प्रत्येक शॉकअपला दोन मापे असतात, पूर्ण मिटल्यावरची लांबी आणि पूर्ण ताणल्यावरची लांबी. पाटा वाढवल्यावर रिकामी गाडी दीडएक इंच वर उचलली गेली. शॉकअप मात्र मूळ मापाचेच. येताना रिकाम्या गाडीचे चाक खड्ड्यात पडले की शॉकअप शेवटपर्यंत ताणला जाऊन आतून हिसका बसायचा. जाताना भरल्या गाडीत उलटे, एक्सल वर येऊन आपटायचा. ते आपटणे थांबवणारा रबरी ठोकळा झिजून निम्मा झाला होता. दोन्हीकडून मार. कोणत्याही कंपनीचा शॉकअप याला पुरला नसता. दोन जोड्या गेल्या यात दुकानदाराचा दोष जेवढा, त्याहून जास्त त्या एका पाट्याचा.

"आता मुख्य प्रश्न," विद्यार्थी म्हणाला. "एष्टु भार हाक्तीरी? किती वजन घालता?"

भाऊ म्हणाला, "पासिंगएवढंच की." आणि पुन्हा चाकाकडे बघू लागला.

भावजय दारात उभी होती. फेरीचा हिशेब तीच लिहिते. तिने शांतपणे उत्तर दिले, "साविरद आरुनूरु. कधी जास्तच." सोळाशे किलो.

आरसी बुक काढले. गाडीचे भरल्यावरचे कमाल वजन २,९५० किलो, रिकाम्या गाडीचे १,६५०. वजाबाकी केली तर राहतात १,३००. त्यातून गाडीत बसणाऱ्या दोन माणसांचे दीडशे किलो काढायला हवेत, हे आपण विसरतो. क्रेटसकट टोमॅटो २५ किलो धरले तर ४६ क्रेट बसतात. भाऊ ६४ घालत होता. आकडा नेमका उलटा.

अंगणात कोणी काही बोलले नाही. कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड लिहिलेला आहे, हे मी ऐकवले. पण ते उगीचच. दंडाची भीती त्याला नव्हती. त्याला भीती होती हप्त्याची. "अण्णा," तो म्हणाला, "त्या अठरा क्रेटांवर हप्ता चालतो."

तीन वर्षे मी त्याला फोनवर 'काय म्हणते गाडी?' असे विचारत आलो होतो. गाडीवर किती ओझे आहे हे एकदाही विचारले नव्हते. त्याच्यावर किती आहे, हे तर नाहीच.

त्या रात्री भावजयीची वही आम्ही तिघांनी मिळून वाचली. अठरा क्रेटांचे जादा भाडे एका बाजूला लिहिले. दुसऱ्या बाजूला शॉकअपच्या दोन जोड्या, वेळेआधी गेलेले दोन टायर, घाटात जादा लागणारे डिझेल, ब्रेकचे काम आणि चेपलेल्या टोमॅटोंपायी कापलेले पैसे. हे सगळे वजा केल्यावर महिन्याला हातात राहत होते तीन हजारांच्या आत. एवढ्यासाठी तो रोज कठड्यापर्यंत जात होता. मी म्हटले, आईच्या औषधांचा खर्च यापुढे माझ्याकडे. तो नको म्हणाला. भावजय म्हणाली, "भावोजी, तुम्ही द्या. ते नको म्हणतील, मी घेईन." तो विषय तिथे संपला.

मग उरली खरेदी. आता ती सोपी होती, कारण काय हवे ते कळले होते. तुमच्या उपयोगासाठी क्रमाने सांगतो.

जादा पाटा काढला आणि गाडी मूळ उंचीवर आणली. रबरी ठोकळे नवे घातले. ते स्वस्त असतात आणि शॉकअपला तेच वाचवतात. ज्यांना काही कारणाने उंची बदलावीच लागते, त्यांनी त्या उंचीला जुळणाऱ्या लांबीचाच शॉकअप घ्यावा. शॉकअप मिटून तळाला टेकण्याआधी ठोकळा लागला पाहिजे, हा नियम.

प्रकार दोन. एक दुहेरी नळीचा, म्हणजे नळीच्या आत नळी. दुसरा एकेरी नळीचा. सारखे घुसळले की तेलात फेस होतो, ताक घुसळताना होतो तसा. फेस भोकातून सहज पळतो आणि शॉकअप ढिला पडतो. हा फेस धरू नये म्हणून नायट्रोजन वायू दाबाने भरतात, तोच 'गॅसचा शॉकअप'. त्यातही तेल असतेच, नुसता गॅस नसतो. एकेरी नळीच्या प्रकारात वायूचा दाब पुष्कळ जास्त असतो आणि उष्णता थेट बाहेर पडत असल्याने तो लांबच्या खडबडीत रस्त्यावर दमत नाही. पण उडालेल्या दगडाने त्याची नळी चेपली तर आतला दट्ट्याच अडकतो. दुहेरी नळीला बाहेरून पोचा आला तरी आतली नळी बहुधा शाबूत राहते. आमच्या रस्त्यावर खडी भरपूर आणि खिसा बेताचा, म्हणून आम्ही दुहेरी नळीचा, गॅस भरलेला घेतला. साध्या तेलाच्या जोडीपेक्षा दर साधारण दीडपट पडला. बाजूला वेगळी टाकी असलेले, बटणाने घट्ट-सैल होणारे परदेशी शॉकअपही पुतण्याने मोबाइलवर शोधून दाखवले. ते शर्यतीवाल्यांसाठी आणि हौशी लोकांसाठी. टोमॅटोला त्याचे अप्रूप नाही.

'हेवी ड्युटी' या शब्दाला भुलू नये. फार ताठ शॉकअप रिकाम्या गाडीत चाकाला खाली येऊच देत नाही, मग परतीच्या वाटेवर गाडी ठेचकाळते. गाडी ज्या वजनाने जास्त वेळ धावते त्याला साजेसा घ्यावा. आपल्या मॉडेलचा, आपल्या वर्षाचा पार्ट नंबर चेसिस नंबरवरून जुळवून घ्यावा, पक्के बिल आणि वॉरंटी मागावी. बिल नको म्हटल्यावर दुकानदार दर उतरवू लागला तर आपण दुकानाची पायरी उतरावी. जोडीनेच बदलावे, डावा नवा आणि उजवा जुना असे करू नये. रंग मारलेले दुरुस्तीचे शॉकअप जिथे घाट आहे तिथे नकोत.

बसवतानाही दोन गोष्टी. दुहेरी नळीचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे त्यात हवा तेलाच्या जागी येते. बसवण्याआधी तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबावा आणि ताणावा. आणि बुशाचे नट शेवटचे आवळताना गाडी जॅकवर लोंबकळत नसावी, चाकांवर उभी असावी. नाहीतर रबर पिळलेल्या स्थितीत आवळले जाते आणि लवकर फाटते. हे दोन्ही विद्यार्थ्याने स्वतः केले. पैसे घेतले नाहीत. "तुमच्या तासाला झोपलो त्याची भरपाई," म्हणाला.

पुढच्या फेरीला मी भावाबरोबर गेलो. ४६ क्रेट. पाऊस होता. कणकुंबीच्या पुढे रस्ता जिथे उखडला आहे तिथे गाडी दबली, एकदा वर आली आणि स्थिर झाली. पुन्हा उसळली नाही. उतारावरच्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबली. त्या कठड्याशी येताच त्याने नुसते बोट दाखवले. कठड्यावर आमच्या गाडीचा रंग अजून होता. पलीकडे धुके होते, खाली किती खोल आहे ते दिसत नव्हते. मला ते दिसले नाही हेच बरे.

चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. रिकामी पिकअप अजूनही ताठच चालते, कारण तिचे पाटे ओझ्यासाठीच केलेले असतात. हप्ता अजूनही दर महिन्याला येतो आणि अठरा क्रेटांचे भाडे येत नाही. पण म्हापशाच्या व्यापाऱ्याने टोमॅटोचे पैसे कापलेले नाहीत आणि शॉकअपवर अजून ओघळ नाही.

एक विनंती करून थांबतो. तुमच्या घरात, शेजारात कोणाची पिकअप असेल तर या रविवारी तिच्याखाली एकदा वाकून बघा. तेलाचा ओघळ आहे का, ठोकळा आहे का, पाटे किती आहेत. आणि मग चालवणाऱ्याला विचारा, भार किती घालतोस? 'भार' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत सारखाच आहे. तेव्हा भाषा कळली नाही ही सबब चालणार नाही. कंपनी कोणती हा प्रश्न या प्रश्नानंतरचा.

रात्री दोनला आम्ही निघालो तेव्हा भावजय दारात येऊन म्हणाली, "सावकाश होग्री." आतून आईचा आवाज आला, "सावकाश जा रे." भावाने गाडी सुरू केली आणि दोघींना मिळून एकदाच "हो" म्हटले.